एक टाइमआऊट शिल्लक

सोमवार, २ नोव्हेंबर

डॉक्टर ओकाफोर बाईंनी आज रक्तदाब दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, "कोच, तुम्ही जे मैदानावर ओरडता ना, ते घरी बसून लिहून काढत जा. निम्मं तरी कमी होईल." म्हणून ही वही. साठीच्या उंबऱ्यावर माणसाने काय काय करावं!

बाई नायजेरियाच्या. आमच्या गावात येऊन वर्षही झालेलं नाही. त्यांनी विचारलं, "आमच्याकडे फुटबॉल पायाने खेळतात. तुम्ही चेंडू काखेत मारून पळता, एकमेकांना आडवं पाडता, मग याला फुटबॉल का म्हणायचं?"

मी म्हटलं, "पायाचंही काम असतं, बाई. चेंडू घेऊन पुढे घुसणं जमेनासं झालं की एका पोराला बोलवायचं. दुसरा चेंडू जमिनीवर उभा धरतो, हा धावत येऊन लाथ घालतो. दोन खांबांच्या मधून गेला की तीन गुण."

"आणि तो पोरगा बाकीचा वेळ काय करतो?"

"कडेला उभा राहून कुडकुडतो. चुकला तर गावाच्या शिव्या खातो."

बाई हसल्या. मग मी का कुणास ठाऊक, बोलत सुटलो. असाच एक पोरगा मी घरात वाढवलाय, म्हटलं. पाच वर्षांचा होता तेव्हापासून. गॅरेजच्या मागे कपडे वाळत घालायचे दोन खांब होते, त्यांच्यामधून चेंडू मारायला शिकवला. आता तो मेरिटन कॉलेजकडून खेळतो, आणि येत्या चौदा तारखेला आमच्याच मैदानावर आमच्याविरुद्ध उतरणार आहे.

बाईंनी पट्टा पुन्हा दंडाला गुंडाळला आणि तिसऱ्यांदा मोजलं.

शनिवार, ७ नोव्हेंबर

जिंकलो. निम्मी गॅलरी रिकामी होती, कारण आजच हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला. पोरांचे बाप नारिंगी जाकिटं घालून रानात, आया एकट्या गॅलरीत. आमच्या टॅमरॅक गावात देवानंतर हरीण, मग फुटबॉल.

मेरिटनही जिंकले. म्हणजे आता पुढच्या शनिवारी जो जिंकेल तो लीगचा विजेता, आणि तोच राष्ट्रीय फेरीत जाणार. बावीस वर्षं मी इथे शिकवतोय, एकदाही हे घडलेलं नाही. आर्लो, माझा मदतनीस प्रशिक्षक, बातमी घेऊन आला. वीस वर्षं माझ्याबरोबर आहे, त्याला माझ्यासमोर आडपडदा नाही.

"तुझ्या पोराने आज तीन मारल्या," तो म्हणाला.

"माझा नाही तो."

"बरं. लोर्नाच्या पोराने तीन मारल्या."

हेही बरोबर वाटेना. लोर्ना माझ्या घरी राहायला आली तेव्हा पोरगा तिच्या मागे लपत होता, गेली तेव्हा तो सोळाचा होता आणि गाडी तोच चालवत होता. आता ती मेरिटनला डॉक्टर प्रुइटची बायको आहे. दातांचा डॉक्टर. माणूस चांगला आहे म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं, त्यामुळे आणखी वैताग येतो. पोराचं, म्हणजे कोल्बीचं, आणि माझं भांडण कधी झालंच नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. सुरुवातीला फोन व्हायचे. मग वाढदिवसाला कार्ड. मग मीच विचार करायला लागलो की आपण कोण म्हणून पाठवायचं? पहिली तीन वर्षं त्याला मेरिटनने मैदानात उतरवलाच नाही. आमच्याशी मॅच झाली की स्वच्छ कपड्यांत पलीकडच्या कडेला उभा असायचा, आणि संपली की थेट बसमध्ये. मी हाक मारली नाही. तोही आला नाही.

रविवार, ८ नोव्हेंबर

चर्चनंतर तळघरात कॉफी. पाद्रीबुवांनी प्रार्थनेत शनिवारच्या मॅचचा उल्लेख केला नाही, तर दोघं तिघं त्यांच्यावर रागावले.

दुपारी आर्लो मेरिटनची फिल्म घेऊन आला. दोन्ही कॉलेजं आपापल्या मॅचची फिल्म एकमेकांना देतात, तशी पद्धतच आहे. त्यांचा कॅमेरेवाला आळशी निघाला. मॅचच्या आधीचंही सगळं तसंच ठेवलंय. काल त्यांच्या मैदानावर शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोपाचा कार्यक्रम होता. एकेक पोरगा आईबापांच्या मधून चालत मैदानाच्या मध्यापर्यंत येतो, टाळ्या पडतात. कोल्बीच्या एका हाताला लोर्ना, दुसऱ्या हाताला दंतवैद्य. लोर्नाचे केस आता आखूड आहेत. पोरगा तिच्यापेक्षा वीतभर उंच झालाय.

मी ते मागे घेऊन पुन्हा पाहिलं.

"आपल्याला त्यांचा बचाव बघायचाय, लेन," आर्लो म्हणाला.

"बघतोय ना."

"तू ते चारदा बघितलंस."

मग त्याच्या किक पाहिल्या. तीन पावलं मागे, दोन डावीकडे. माझीच पावलं. त्याची खोडही अजून तीच आहे. घाबरला की अर्धं पाऊल चेंडूच्या जास्त जवळ उभा राहतो, आणि मग चेंडू डावीकडे ओढला जातो. दोन महिन्यांपूर्वीच्या एका फिल्ममध्ये तो असाच चुकला होता. त्याला तिकडे कुणी सांगितलेलं दिसत नाही. लहानपणी मी खिडकीतून नुसता हात मागे करून दाखवायचो, तेवढ्यावर सरकायचा.

त्याच्या नव्या प्रशिक्षकाला फोन करून सांगावं असं एकदा मनात आलं. मग स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

बुधवार, ११ नोव्हेंबर

प्रशिक्षकांची बैठक. शेवटी किकवर सामना आला तर काय करायचं यावर बोलणं झालं. सगळा देश काय करतो? समोरचा किकर मारायला उभा राहिला की नेमक्या त्या क्षणी टाइमआऊट मागायचा. खेळ थांबतो, पोरगा थंडीत उभा राहून विचार करत बसतो, आणि विचार करणारा किकर चुकतो.

मी म्हटलं, "कोल्बीला टाइमआऊट द्यायचा नाही. त्याचं उलटं आहे. घाई केली की तो चुकतो. मिनिटभर मिळालं की सावरतो. शेवटी आपल्याकडे टाइमआऊट शिल्लक असला तरी खिशात ठेवायचा."

नवीन आलेला एक पोरगेला मदतनीस म्हणाला, "खात्री आहे का, कोच?"

आर्लो त्याला म्हणाला, "गप रे. त्याला ओळखणारा सबंध मिनेसोटात हा एकच माणूस आहे."

सगळ्यांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. कशाचं बरं वाटलं हे मात्र नीट कळलं नाही.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

सराव लवकर संपवला. लिंडक्विस्ट, आमचा कर्णधार, सगळ्यांत शेवटी गेला. हा पोरगा चेंडू काखेत घेऊन घुसला की समोर गुरं उभी केली तरी थांबत नाही. मला म्हणाला, "कोच, उद्या माझे वडील शिकार सोडून येतायत."

आमच्या गावात याहून मोठं काही कुणी कुणासाठी करत नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर

हरलो. १७-१९.

लिहवत नाही. हस्तांदोलनाच्या रांगेत कोल्बी समोर आला. "छान खेळलात, सर," म्हणाला आणि पुढे सरकला. घरात होता तेव्हा मला अरे-तुरे करायचा. सर.

रविवार, १५ नोव्हेंबर

चर्चला गेलो नाही. आता सगळं लिहितो, डॉक्टरीणबाईंच्या नावाने.

पहिलं म्हणजे पंच. आमचा एक टचडाऊन, म्हणजे चेंडू रेषेपार नेल्याचे सहा गुण, रद्द केला, आमच्या पोराने समोरच्याला धरून ठेवलं म्हणून. धरलं होतं का? धरलं होतं. पण तसं सगळेच धरतात.

दुसरं माझं. तिसऱ्या भागात त्यांच्या रेषेपाशी पोचलो होतो. शेवटचा प्रयत्न, हातभर अंतर बाकी. किक मारून तीन गुण घ्यायचे की घुसायचं? मी लिंडक्विस्टला घुसवला. पंचांनी पोरांचा ढीग उपसून चेंडू बघितला. चेंडूच्या टोकाएवढं कमी पडलं. ते तीन गुण घेतले असते तर आज मी चर्चमध्ये बसलो असतो. पण पुन्हा तीच वेळ आली तरी मी त्यालाच घुसवीन. त्याचे वडील गॅलरीत उभे होते.

आता शेवट. आम्ही १७, ते १६. घड्याळात तीन सेकंद. कोल्बी मैदानात आला. लांबची किक, वारा आडवा. माझ्याकडे एक टाइमआऊट शिल्लक. आमच्या कडेचा पंच मर्व्ह हॉलंडर माझ्या शेजारीच उभा होता. मर्व्ह एरवी विमा विकतो, शनिवारी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालतो. पंधरा वर्षांची ओळख.

कोल्बीने पावलं मोजली. तीन मागे, दोन डावीकडे. उभा राहिला. अर्धं पाऊल जवळ.

इतक्या लांबून कुणाला दिसलं नसतं. मला दिसलं. आर्लो माझ्या कानात म्हणाला, "घाई झालीय त्याला. गेला तो. आपण जिंकलो, लेन."

आणि मी टाइमआऊट मागितला.

मर्व्हची शिट्टी वाजली तोवर चेंडू निघाला होता. कोल्बीने मारला. डाव्या खांबावर ठण्णकन आदळला आणि मागे पडला. मग काय विचारता! पोरं मैदानात धावली, बँड सुरू झाला, लिंडक्विस्टच्या वडिलांनी गॅलरीच्या कठड्यावरून उडी मारली. आणि मर्व्ह दोन्ही हात डोक्यावर हलवत सगळ्यांच्या मधून धावत होता. किक झालीच नाही. पुन्हा मारायची.

मैदान रिकामं व्हायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ कोल्बी एकटा उभा होता. खाली बघत होता. मग चेंडूच्या जागेपाशी गेला, पावलं पुन्हा मोजली, उभा राहिला, आणि अर्धं पाऊल मागे सरकला.

दुसरी किक दोन खांबांच्या बरोबर मधून गेली. एवढी सुंदर किक मी आमच्या मैदानावर पाहिलेली नाही. हे इथेच लिहितो, बाहेर बोललो तर लोक मला जिवंत सोडणार नाहीत.

टाइमआऊट का मागितला? सवय, दुसरं काय. बावीस वर्षांची सवय. पण शिट्टी उशिरा वाजली हेही तेवढंच खरं. चेंडू हलल्यावर वाजलेली शिट्टी धरायची कशाला? लीगच्या कचेरीला तक्रार लिहून पाठवली.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

न्याहारीला कॅफेत गेलो. सगळं गाव माझ्या बाजूने आहे. तिथल्या फर्नने न मागता कॉफी ओतली आणि म्हणाली, "कोच, त्या शिट्टीवाल्याला इकडे धाडा. त्याला मी कालची कॉफी पाजते." न्हाव्याने दुकानाच्या दारात एक शिट्टी दोरीने फाशी दिलीय. शेजारच्या टेबलावरचा एक जण सांगत होता, त्याने मर्व्हच्या ऑफिसात फोन करून विचारलं की आंधळ्यांना विमा मिळतो का. सगळे हसले. मी पण हसलो. पाव तसाच ठेवून उठलो.

आर्लो हसला नाही. बाहेर गाडीपाशी आल्यावर म्हणाला, "बुधवारी आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलेलं सगळं मैदानावर टिकतं का?"

"नाही टिकत. पण मी तुला सांगितलं होतं की तो गेला. तू ऐकलंस. तू मान हलवलीस, लेन."

"शिट्टी उशिरा वाजली."

"शिट्टीचं मी विचारत नाहीये. तू काय पाहिलंस?"

"काही नाही."

त्याने टोपी डोक्यावर दाबली आणि चालत गेला. त्याची गाडी माझ्या गाडीला लागूनच होती, तरी तो चालतच गेला.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

कचेरीचं उत्तर आलं. निकाल बदलता येत नाही, मात्र शिट्टीला उशीर झाल्याचं मान्य. या शनिवारी मर्व्हला राष्ट्रीय फेरीतल्या एका मॅचवर नेमलं होतं, तिथून त्याला काढलं.

दुपारी त्याचाच फोन.

"कोच, मर्व्ह बोलतोय. भांडायला फोन नाही केलेला."

"बोल."

"माझ्या मुलीने फिल्म काढून दिली. मी दहादा पाहिली. तुमचा हात माझ्या बाहीवर पडला तेव्हा चेंडू जमिनीवरच होता. तुम्ही वेळेत मागितलात. माझी शिट्टी उशिरा गेली, ते कबूल."

"मग तर झालं."

"नाही झालं. तुम्हीच मला आधी येऊन सांगितलं होतंत. मर्व्ह, या किकला मी टाइमआऊट घेणार नाही, तू निवांत उभा राहा. म्हणालात की नाही?"

म्हणालो होतो. साफ विसरलो होतो. प्रशिक्षक पंचाला असं आधी सांगून ठेवतात, म्हणजे पंच शिट्टी ओठांत धरून तयार राहतो. त्याला मी उलटं सांगून ठेवलं होतं.

"म्हणून शिट्टी माझ्या हातात होती, तोंडात नव्हती," तो म्हणाला. "अठ्ठावीस वर्षांत राष्ट्रीय फेरी पहिल्यांदा मिळाली होती मला. बायकोने सॅंडविचची यादीसुद्धा केली होती. असो. ते तुम्हाला ठाऊक असावं, एवढंच."

शिवी देईल म्हणून मी थांबलो. त्याने रक्तदाब कसा आहे विचारलं आणि फोन ठेवला.

मी लगेच कचेरीला फोन लावला. तक्रार मागे घेतो, म्हटलं. मी चेंडू हलण्याआधी मागितला होता आणि पंचाला मीच बेसावध ठेवलं होतं, चूक त्याची नाही. तिकडची बाई म्हणाली, नोंद करते, पण शनिवारी आता दुसरा पंच नेमलाय, त्याची तिकिटंही काढलीयत. मी जरा जास्तच ओरडलो. ते इथे लिहून काढतोय, पण कमी झालेलं नाही.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

पोरांना कपाटं रिकामी करायला बोलावलं होतं. तिथेच सांगितलं. पंचाला दोष देऊ नका, टाइमआऊट माझा होता, आणि तो न घेण्याचं आधी ठरलेलं असताना मी घेतला.

मग लिंडक्विस्ट उभा राहिला. "कोच, का?"

"सवय, पोरा."

"या वर्षी दुसऱ्या कुठल्या किकरला तुम्ही टाइमआऊट दिलात?"

मी आठवू लागलो. एकालाही नाही. गेल्या वर्षीही नाही. मला ती युक्ती आवडत नाही, मुळात कधीच आवडली नाही.

पोरगा माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर सोपं गेलं असतं. चार वर्षं या मुलाने माझ्या सांगण्यावरून भिंतींना डोकं लावलं. त्याने पिशवी उचलली, हात मिळवला नाही, आणि बाहेर गेला. बाकीचेही एकेक करून गेले. रास्त आहे. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

दुपारपर्यंत गावाला कळलं. संध्याकाळी कॅफेत गेलो तर फर्नने कॉफी ओतली, पण मागितल्यावर.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

आज थँक्सगिव्हिंग. आर्लोच्या बायकोने निक्षून बोलावलं होतं, पण आर्लोने स्वतः फोन केला नाही, म्हणून सर्दीचं निमित्त सांगितलं. टर्कीचा एक तुकडा गरम केला आणि उभ्याउभ्याच खाल्ला.

चारच्या सुमाराला फोन वाजला.

"सर, कोल्बी बोलतोय."

मी खुर्ची ओढली. ती मेली ओढताना करकरली. "हं, बोल."

"इकडे बर्फ पडतोय."

"इकडेही." पस्तीस मैलांवर दुसरं काय पडणार? पण मला ते बोलणं फार आवडलं. मागे ताटांचा आवाज येत होता, लोर्ना कुणाला तरी ग्रेव्ही गरम करायला सांगत होती. तिचा आवाज तसाच आहे. शनिवारी ते राष्ट्रीय फेरीतली पहिली मॅच जिंकले, त्याबद्दल मी अभिनंदन केलं. तो थँक्यू म्हणाला.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "त्या दुसऱ्या किकला मी नीट उभा होतो का?"

"अगदी नीट. अर्धं पाऊल मागे सरकलास ना, तिथेच काम झालं."

"म्हणजे पहिल्या वेळी मी पुढे होतो, हे तुम्ही पाहिलं होतं."

पोरटं मला बोलता बोलता कोपऱ्यात घेऊन गेलं. हे त्याने आईकडून घेतलंय.

"टाइमआऊटच्या आधी पाहिलं होतंत," तो म्हणाला.

"सगळेच प्रशिक्षक टाइमआऊट घेतात, कोल्बी."

"माझ्यावर तुम्ही घेतला नसता. मला वेळ मिळाला की मी सावरतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. मलाच नीट सांगता येत नाही. हात पुढे गेला, तोंड उघडलं. त्या क्षणी मला लीग आठवली नाही, लिंडक्विस्ट आठवला नाही, त्याचे वडीलसुद्धा आठवले नाहीत. पोरगा चुकीचा उभा होता एवढंच दिसलं.

"दोन आठवडे मला वाटत होतं, ती मी एकट्याने मारली," तो म्हणाला. आवाजात राग होता, आणि मला तो रागसुद्धा हवा होता.

"एकट्यानेच मारलीस. माझा पाय होता का तिथे? मागे सरक म्हणून मी सांगितलं का? तुझं तू पाहिलंस, तुझा तू सरकलास."

मागे कुणीतरी हसलं, दंतवैद्य असावा.

"तुमच्या पोरांचं वाईट वाटतं," तो म्हणाला.

"मलाही."

"शनिवारी आमची पुढची मॅच इथेच आहे. आई आणि डॉक्टर मधल्या गॅलरीत बसतात. खांबांच्या मागे एक छोटी गॅलरी आहे. तिथे कुणी फारसं बसत नाही, वारा लागतो." मग जरा थांबून म्हणाला, "पण तिथून मी कुठे उभा आहे ते नीट दिसतं."

"मला यायला जमेलसं—" मी म्हटलं. एवढ्यात त्याला जेवायला हाक आली.

शनिवार, २८ नोव्हेंबर, सकाळ

घरात एकही कोट असा नाही की ज्यावर टॅमरॅक लिहिलेलं नाही. सगळे हिरवे. बावीस वर्षांत मी स्वतःच्या पैशाने कोट घेतलेला दिसत नाही. एक काळा आहे, तो अंत्ययात्रेचा. हिरव्या कोटात मेरिटनच्या गॅलरीत बसलो तर तिथले मारतील, आणि बसल्याचं इथे कळलं तर इथले.

कपाटात डोकं घालून उभा असतानाच आर्लो आला. त्याला कसं कळलं कुणास ठाऊक. मी काही सांगितलं नव्हतं. त्याने हातातला तपकिरी कोट पलंगावर टाकला.

"माझ्या मेव्हण्याचा आहे. शेणाचा वास येईल जरा."

"आर्लो, मी काय करतोय हे मला कळत नाहीये."

"तुला सोडून सगळ्यांना कळतंय," तो म्हणाला. "गावात कुणी विचारलं तर तू बर्फाला भोक पाडून मासे पकडायला गेलास."

"तळ्यावर अजून बर्फ धरलेला नाही."

"मग बुडालास म्हणून सांगतो."

रविवार, २९ नोव्हेंबर

काल गेलो.

फाटकावर एक जाडजूड बाई खेळाडूंच्या घरच्यांना सफरचंदाचं गरम सायडर वाटत होती. मला बघून म्हणाली, "तुम्ही कुणाकडचे?"

"किकरकडचा," मी म्हटलं.

"अगंबाई, कोल्बीच्या घरचे! घ्या ना, दोन घ्या, वारा किती सुटलाय." दोन पेले हातात दिले. मागे वळून बघितलं, पण माझं बोलणं खोडून काढायला कुणी नव्हतं.

मॅच म्हणाल तर तिच्यात काही राम नव्हता. मेरिटन सडकून हरले, ७-३१. शेवटी त्यांनी एक टचडाऊन केला, त्यानंतरची एका गुणाची छोटी किक तेवढी कोल्बीच्या वाट्याला आली. तो बरोबर उभा होता. उरलेला सगळा वेळ तो कडेला उभा राहून पाय आपटत होता आणि मी वाऱ्यात बसून त्याच्याकडे बघत होतो. पैसे वसूल झाले.

शेवटची शिट्टी झाली. वर्ष संपलं की घरचे लोक मैदानात उतरतात, आपापल्या पोराला शोधतात, तशी सगळीकडेच रीत आहे. सगळे उतरले. लोर्ना धावत गेली, त्याच्या गळ्यात पडली. दंतवैद्याने त्याची पाठ थोपटली आणि मग जरा बाजूला उभा राहिला. माणूस चांगलाच आहे. मी जागचा हललो नाही. पेले एकात एक घालून बसलो आणि गाडी कुठे लावलीय ते आठवत राहिलो.

थोड्या वेळाने बघतो तर कोल्बी एकटाच मैदान ओलांडून येतोय. हेल्मेट हातात, गुडघ्यांना चिखल. खांबांच्या खालून वाकून आला, माझ्या गॅलरीच्या कठड्याशी थांबला आणि वर बघायला लागला. डोळे लाल होते. हरल्यामुळे असतील. मी म्हटलं, "किक छान होती."

"एका गुणाची होती," तो म्हणाला.

"तरीपण."

त्याने नाक बाहीला पुसलं. मोठा झाला तरी ते सुटलेलं नाही.

"उतरतोस की नाही?" तो म्हणाला. "थंडी आहे वर."

डावा गुडघा आखडला होता, आणि पायऱ्यांवर बर्फ साचला होता. उतरलो.